विरळ केस भरदार दिसावेत म्हणून: मुळाशी काय करावे, काय टाळावे

वेणीच्या टोकाला बांधायच्या रबराला पूर्वी दोन वेढे पुरत असतील आणि आता तेच रबर चार वेळा फिरवावे लागत असेल, तर केस विरळ झाले आहेत हे ओळखायला दुसरे माप लागत नाही. गळालेले केस रोज मोजत बसण्यात अर्थ नाही. निरोगी डोक्यावरूनही दिवसाला 50 ते 100 केस गळतात, आणि चार दिवसांनी न्हायले की ते सगळे एकदम हातात आल्यामुळे उगाच धसका बसतो.

कोणताही उपाय करण्याआधी एक तपासणी घरीच करून पाहावी. फणीत आलेले केस पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात नीट पाहावेत. ज्या लांब केसाच्या एका टोकाला खसखशीहूनही बारीक असा पांढरट गोळा दिसतो, तो मुळापासून गळालेला असतो. जो आखूड असून दोन्हीकडे नुसताच संपतो, तो मध्येच तुटलेला असतो. तुटलेले केस जास्त असतील, तर दोष बहुधा विंचरण्याचा, उष्णतेचा किंवा रसायनांचा असतो आणि तो आपल्याच हातांनी सुधारता येतो. मुळापासूनची गळती मात्र शरीरातून येते. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि पुढे काही महिन्यांत बहुतेकांचे आपोआप सावरतात. (त्या सुमारास जे तेल लावणे चालू असते, त्यालाच सगळे श्रेय जाते. डेंग्यूनंतर मीही एका बाटलीचे असेच गुणगान केले होते.) भांग सतत रुंदावत असेल, चाई (केस जाऊन गोल चट्टा) पडली असेल, टाळू लाल होऊन खाजत असेल किंवा पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे; हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड या तपासण्या ते बहुधा सांगतात. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर ते तपासणीपूर्वी आवर्जून सांगावे, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता भरदारपणाकडे वळू. केस भरदार दिसतात ते मुळापासूनच्या पहिल्या दोन बोटांत. तिथे केस टाळूपासून किंचित उभा राहिला, की खालचा सगळा संभार मोकळा वाटतो. तिथेच तो चिकटून बसला, तर खालच्या टोकांवर काहीही लावले तरी डोके चापूनचोपून बसवल्यासारखे दिसते. बारीक केसांवर टाळूचे नैसर्गिक तेल लवकर पसरते आणि वजनाने ते लवकर दबतात. म्हणूनच तेल चोपडून बाहेर पडण्याची आपली जुनी सवय दाट केसांना शोभत असली, तरी विरळ केसांचे चार-चार पुंजके करून मधली टाळू उघडी पाडते. याचा अर्थ तेल सोडावे असा नाही. खोबरेल तेल केसाच्या आत मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हा त्याचा खरा गुण आहे. त्यामुळे न्हाण्यापूर्वी तासभर, चमचाभर तेल केसांच्या लांबीला लावावे, टाळूवर ओतू नये आणि नंतर पूर्ण धुऊन काढावे.

धुण्याने केस गळतात हा समज सोडून द्यावा. जे सुटलेलेच असतात तेच तेव्हा निघतात. टाळू तेलकट असेल तर एक दिवसाआड धुण्यास हरकत नाही. सौम्य शाम्पू थोड्या पाण्यात कालवून फक्त टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळावा आणि कंडिशनर कानाच्या खालच्या भागालाच लावावा. शिकेकाई वापरायची असल्यास तिचा काढा गाळून घ्यावा, कारण कोरड्या पुडीचा भरड चोथा बारीक केसांत अडकतो आणि तो काढताना निष्कारण ओढाताण होते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते न्हाणीघराबाहेर आल्यावर. ओला केस फुगलेला आणि दुबळा असतो, थोड्या ताणानेही लांबतो आणि तुटतो. तरीही पुष्कळ घरांत केस पुढे घेऊन टॉवेलने फटाफट झटकण्याची रीत अजून चालू आहे. त्याऐवजी मऊ सुती पंचा गुंडाळून दहा मिनिटे पाणी टिपू द्यावे. मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर वर येत गुंता सोडवावा.

केस वाळताना ज्या स्थितीत असतो, ती स्थिती तो काही काळ धरून ठेवतो, कारण पाण्याने सुटलेले त्याच्या आतले हायड्रोजन बंध वाळताना नव्या जागी जुळतात. याचाच उपयोग करून घ्यायचा. केस तीन चतुर्थांश आपोआप वाळू द्यावेत. मग मान पुढे झुकवून केस खाली सोडावेत आणि ड्रायर वीतभर अंतरावर, मध्यम उष्णतेवर, एका जागी न थांबवता फिरवावा. दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुळे उलट्या दिशेने उचलत राहावे आणि शेवटची दोन मिनिटे थंड हवा द्यावी. निथळत्या केसांवर कडक उष्णता कधीही देऊ नये, कारण आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे पडतात आणि तो तिथेच तुटतो. ड्रायर नसेल तर नेहमीच्या भांगाच्या विरुद्ध बाजूला केस पाडून वाळवावेत आणि वाळल्यावर भांग जागेवर आणावा. एवढ्यानेही मुळे उठतात. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र ही मेहनत दुपारपर्यंतच टिकते, कारण हवेतली आर्द्रता तेच बंध पुन्हा सोडवते.

भांगाबद्दल एक गोष्ट. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर पाडलेल्या भांगाजवळचे केस तसेच निजण्याची सवय लावून घेतात. दर काही दिवसांनी भांग अर्धा बोट सरकवावा, किंवा फणीच्या टोकाने नागमोडी काढावा, म्हणजे टाळूची सरळ पांढरी रेघ नजरेत भरत नाही.

कापताना टोके एका रेषेत, खांद्याच्या आसपास ठेवावीत. पार्लरमध्ये आग्रहाने सुचवला जाणारा स्टेप कट विरळ केसांची टोके आणखी झिरझिरीत करतो. केस सरळ करण्याच्या उपचारांचे तर काम केस सपाट बसवणे हेच आहे, तेव्हा भरदारपणा हवा असलेल्या माणसाने त्यांच्यावर हजारो रुपये का घालवावेत, हे मला अजून कळलेले नाही. मेंदी केसावर बसते आणि तो किंचित जाड लागतो, परंतु ती वारंवार लावल्यास केस रुक्ष होतात. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुधा रासायनिक रंग असतो. तिची कानामागे चाचणी घेतल्याशिवाय ती डोक्याला लावू नये.

फणी उलटी चालवून केस फुगवणे टाळावे, कारण त्याने केसांवरचे खवले उचकटतात आणि गुंता सोडवताना केस तुटतात. घट्ट पोनी आणि ताणून घातलेला अंबाडा रोजचा असेल, तर कपाळाच्या कडेचे केस मागे सरकू लागतात, आणि ही ओढ वर्षानुवर्षे चालली तर ते परत येत नाहीत. लग्नाकार्याला अंबाडा हवाच असेल, तर गंगावन जोडावे, पण त्याचा आणि गजऱ्याचा भार मुळांवर न येता वेणीच्या जाड भागावर येईल असे आकडे लावावेत, आणि घरी आल्यावर, कितीही उशीर झाला असला तरी, ते काढूनच झोपावे.