संध्याकाळ झाली की बाळ रडतं? या चुका टाळा

दुपारपर्यंत बरं असलेलं बाळ दिवेलागणीला किरकिरायला लागतं. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, तरी आवाज चढतच जातो. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद. मग घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवतो आणि तासाभरात त्या इवल्या जिवावर चार-पाच प्रयोग होतात. बाळ किरकिरं असणं ही कुणाचीच चूक नाही. चुका होतात त्या नंतरच्या घाईत.

रडण्याचा चढउतार लक्षात न घेणं

निरोगी बाळाचं रडणं साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात सहाव्या आठवड्यात बाळं दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती, आणि त्यातलं बरंचसं रडणं संध्याकाळचं होतं.

आता आपल्याकडे याच सुमारास काय काय घडतं ते बघा. सव्वा महिना झाला की मालिशवाल्या बाई यायच्या बंद होतात, शेक-शेगडी उठते, बाळंतीण ‘मोकळी’ झाली असं धरून घरातली कामं तिच्याकडे येतात. दीड महिन्याची लस याच सुमारास. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात, म्हणजे त्यातली शेवटची भेटही नेमकी तेव्हाच. रडणं सगळ्यात जास्त आणि हाताशी माणसं सगळ्यात कमी, असा हा काळ. त्यामुळे ४२व्या दिवसाच्या भेटीत वजनाबरोबर रडण्याबद्दलही आवर्जून विचारा. आणि मदतीचा हात सव्वा महिन्याऐवजी तीन महिने कसा राहील, याची जुळवाजुळव बाळंतपणाआधीच करा.

हा चढउतार माहीत नसला की दोष लसीवर जातो, दृष्टीवर जातो, आईच्या जेवणावर जातो. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, दुखरी मांडी, चिडचिड होऊ शकते. तापाचं औषध किती द्यायचं ते लस देणाऱ्या ताईंनाच विचारून घ्या. पुढे पंधरा दिवस रोज संध्याकाळी चाललेलं रडणं लसीचं नसतं.

‘दूध पुरत नाही’ म्हणून वरचं दूध

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासानं अंगावर घ्यायला मागतं, आईला छाती हलकी वाटते, आणि घरात निकाल लागतो की दूध आटलं. खरं तर संध्याकाळी थोडं थोडं, सारखं पिणं ही या वयातल्या बाळांची नेहमीची रीत आहे. तेव्हा बाटली किंवा बोंडलं पुढे केलं की बाळ अंगावर कमी ओढतं. ओढ कमी झाली की दूध कमी तयार होतं. आणि पंधरवड्यात दूध खरोखरच कमी पडायला लागतं.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करतं का आणि वजन वाढतंय का, हे दोन पुरावे बघा. दोन्ही ठीक असतील तर दूध पुरतंय. वजन वाढत नसेल तर आधी बाळाची पकड तपासून घ्या: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात.

याच ओघात बाळंतिणीच्या ताटातून डाळी, पालेभाज्या, फळं एकेक करून उठतात. आईच्या पोटातला गॅस दुधातून बाळात उतरत नाही. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा चिकट आव दिसत असेल, अंगावर पुरळ असेल, तर डॉक्टर काही दिवस आईच्या जेवणातलं दूध-दही बंद करून पाहायला सांगतात. तेवढं कारण नसताना तिला उपाशी ठेवू नका.

पोटात काहीतरी घालायची घाई

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. विदर्भातल्या मे महिन्यातही वरून पाणी नको. घुटी, जायफळ, ग्राइप वॉटर यांनी संध्याकाळचं रडणं थांबत नाही, आणि सहाणेवरून, हातावरून जंतू मात्र पोटात जाऊ शकतात. मध तर वर्षाच्या आत बोटभरही चाटवू नये. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, चोखायची ताकद जाते.

आधीच्या बाळाचे किंवा शेजारून आणलेले पोटदुखीचे थेंब वापरणं ही आणखी एक धोक्याची सवय. अशा काही थेंबांत डायसायक्लोमिन असतं आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देऊ नये, कारण त्यानं श्वास अडखळू शकतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

नाळ पडून बेंबी पूर्ण वाळल्यावर बाहेरून लावलेल्या हिंगावरून मात्र आजीशी भांडण नको. कातडी लाल होत नसेल तर राहू द्या. दृष्ट काढायचीच असेल तर मीठ-मोहरीचा, मिरच्यांचा धूर बाळाच्या खोलीत नको एवढंच बघा. ओव्याच्या धुरीचंही तेच.

दमलेल्या बाळाला आणखी खेळवणं

दीड महिन्याचं बाळ एका वेळी साधारण तास-दीड तासच नीट जागं राहू शकतं. त्यापुढे ते नजर फिरवतं, जांभया देतं, भुवया लालसर होतात. नेमकी तेव्हाच कामावरून आलेली मंडळी त्याला हातोहात फिरवतात, खुळखुळा वाजवतात, शेजारी टीव्ही चालूच. दमलेलं बाळ आपोआप झोपत नाही, ते जास्त रडतं.

अशा वेळी दिवा मंद करा, एकाच माणसानं घ्या, पंख्याचा आवाज असू द्या, खांद्यावर किंवा छातीशी धरून एकाच लयीत हळू चाला. ‘मांडीची सवय लागेल’ ही भीती या वयात बाळगू नका. तीन महिन्यांच्या आत बाळ लाडानं बिघडत नाही. झोपलं की पाठीवरच, सपाट गादीवर ठेवा, उशी नको. त्याला घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं फार धोक्याचं आहे.

कपडे काढून न बघणं

उन्हाळ्यात टोपरं, झबलं, वर कुंची आणि दुपटं अशा थरांत बाळ उकडून रडतं. तळवे गार लागले म्हणून आणखी गुंडाळू नका. मानेमागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक थर काढा. पायाची बोटं एकेक करून तपासा. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आईचे केस खूप गळतात, आणि एखादा केस बोटाभोवती आवळून बसतो. बोट लाल, सुजलेलं दिसतं. जांघेत फुगवटा आहे का, तेही बघा.

रोज नवा उपाय

सोमवारी थेंब, मंगळवारी दुसरी पावडर, बुधवारी डॉक्टर बदलले. कशानं फरक पडला हे कळतच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार-पाच दिवस थांबा. रडण्याची वेळ, पाजण्याची वेळ आणि शू एवढं वहीत लिहा.

आईनं एकटीनं सोसणं

संध्याकाळची पाळी बाबांनी घ्यावी, रोज, न सांगता. राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. ते रडेल, चालेल. गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. दोन आठवडे सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, बाळाजवळ जाववत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

हे दिसलं तर उपाय बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, जांघेतला घट्ट फुगवटा, बोटाला आवळलेला केस न निघणं, दूध न ओढणं, अंग ढिलं पडणं, श्वासाला त्रास, किंवा नेहमीपेक्षा वेगळं, चिरकं, न थांबणारं रडणं. निघण्याआधी जमलं तर त्या रडण्याचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ बहुतेक वेळा झोपलेलं असतं. वहीही बरोबर न्या. बाळ ढिलं पडलं असेल किंवा श्वास घेताना झगडत असेल तर व्हिडिओत वेळ घालवू नका, थेट १०८ला फोन करा.