फराळाचा डबा: थोडं खायचं की अजिबात नाही?

वजन उतरवताना ‘सगळं खा, पण थोडं’ हा सल्ला प्रत्येकाला लागू पडत नाही. अर्धी पुरणपोळी खाऊन ताटावरून उठता येत असेल, तर ती खुशाल खा, वर चमचाभर तूपही घ्या. पण शंकरपाळ्यांचा डबा दिसला की जाता-येता मूठ भरली जात असेल, तर त्या पदार्थापुरतं ‘अजिबात नाही’ हेच सोपं. ‘आज किती?’ हा रोजचा वाद तरी मिटतो.

बंदी मात्र एक-दोन पदार्थांवरच. सगळंच बंद केलं, की बरेचदा माणूस एके दिवशी फराळावर तुटून पडतो.

मापात खायचं तर डब्यातून खाऊ नका. वाटीत काढा, झाकण लावा, डबा वरच्या फळीवर ठेवा. आणि जेवण झाल्यावर खा. भुकेल्या पोटी माप राहत नाही. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, साखरेत ४. म्हणून लाडवाला घाबरून तळलेल्या पोह्यांच्या चिवड्याच्या बशा रिकाम्या करण्यात काही राम नाही.

कुणी आग्रह केला तर ‘मी हे खात नाही’ असं सरळ सांगा. ‘आज नको’ म्हटलं की ताटात पडतंच.