पपई बंद, मिश्री चालू? गरोदरपणात काय सोडायचे ते ठरविताना

माझ्या पहिल्या खेपेला तिसरा महिना लागण्याआधीच घरात मनाईची यादी तयार झाली होती. पपई, अननस, तीळ, शेंगदाणे, अंडी, वांगे, नवा गूळ, ग्रहणात सुरी. शेजारच्या काकू येत, "नको गे, गरम पडते," म्हणत आणि यादीत एकाची भर घालून जात. त्याच घरात न्हाणीच्या कोनाड्यात मिश्रीची, म्हणजे दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूच्या पुडीची, डबी होती, आणि रोज सकाळी दोन पिढ्यांच्या बोटांना ती लागत असे. त्या डबीविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव परिसरातील अनेक घरांत आजही थोड्याफार फरकाने हेच चालते, म्हणून काय सोडायचे याची नुसती यादी देण्यापेक्षा ते ठरवायचे कसे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

कोणी एखादी वस्तू बंद करायला सांगितली की स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. तिच्यामुळे बाळाला अपाय होतो हे खरोखर माहीत झालेले आहे का, आणि तो कोणत्या वाटेने होतो? तो अपाय उकळून, शिजवून किंवा धुऊन जाण्यासारखा आहे का? आणि ती वस्तू सोडली तर ताटातून नेमके काय कमी होईल व त्याच्या जागी काय येईल? तिसरा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. गरम पडते म्हणून शेंगदाण्याची चटणी गेली, मग अंडे गेले, मग डाळ पचत नाही म्हणून मसुराची उसळ गेली, आणि शेवटी भात व पातळ आमटी एवढेच उरले, तर ज्या काळात प्रथिनांची गरज रोज वाढत असते त्याच काळात आपण ताट रिकामे केलेले असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला रोज साधारण ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिने रोज सुमारे २२ ग्रॅमने अधिक लागतात. ‘बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून कमी खा’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो मानू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘हो’ असे येते, त्या गोष्टींत तंबाखू सर्वांत वर आहे, आणि आपल्या भागात तो विडीपेक्षा मिश्रीच्या, तपकिरीच्या किंवा पानातल्या चिमटीच्या रूपाने बायकांच्या तोंडात जातो. धूर नाही म्हणजे अपाय नाही, हा समज खोटा आहे. निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरते, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला मिळणारे रक्त कमी पडते. मुंबईतील १२१७ स्त्रियांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले.

‘उद्यापासून बंद’ असे म्हणून मिश्री सुटत नाही, कारण ती नुसती दात घासण्यासाठी घेतली जात नाही. अनेक बायकांचे पोट सकाळी मिश्री लावल्याशिवाय साफच होत नाही, आणि गरोदरपणात बद्धकोष्ठ आधीच वाढलेले असते. त्यामुळे मिश्री सोडायची तर सकाळच्या त्या अर्ध्या तासाची सोय आधी लावावी लागते: उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्री भिजविलेल्या मनुका, जेवणात पालेभाजी आणि चाळण न काढलेल्या पिठाची भाकरी, आणि शौचाला जाण्याची तीच ठरलेली वेळ. पहिले काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, तोंडात काहीतरी हवेसे वाटते. बडीशेप किंवा लवंग चघळून तो वेळ काढता येतो. डबी घरात राहिली तर हात तिकडे जातोच, म्हणून सासूबाईंनीही ती निदान नजरेआड ठेवावी, आणि त्यांनीही सोडली तर सोन्याहून पिवळे. दंतमंजन नवे आणताना डब्यावरील घटक वाचावेत. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ सालापासून बंदी असली तरी काही मंजनांत तो त्यानंतरही सापडलेला आहे.

निपाणी भागात घरी विड्या वळणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे. चूल ज्या कामावर पेटते ते काम सोडा असे सांगणे सोपे असते. ज्यांना ते काही महिने दुसऱ्याकडे सोपविता येईल त्यांनी अवश्य सोपवावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान जर्दा झोपण्याच्या व स्वयंपाकाच्या खोलीत ठेवू नये, बंद खोलीऐवजी सोप्यावर मोकळ्या हवेत बसावे, नाकातोंडावर कापड बांधावे, आणि काम संपल्यावर हात साबणाने धुऊन, लुगडे बदलूनच जेवायला बसावे. ओल्या तंबाखूच्या पानांतून निकोटीन कातडीवाटेही शरीरात शिरते, म्हणून शेतातील तोडणीचे काम मात्र या दिवसांत टाळलेलेच बरे. घरातील पुरुषांनी विडी-सिगारेट उंबऱ्याबाहेर ओढावी.

दारूचे सुरक्षित प्रमाण गरोदरपणात नाही. थंडीत ‘चमचाभर ब्रँडी’ देण्याची पद्धतही त्यातच मोडते.

दुसऱ्या प्रश्नाने बरेच पदार्थ यादीतून सुटतात. धारोष्ण दूध पौष्टिक मानले जाते, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येतात आणि त्यांनी गर्भपात होऊ शकतो. तेच दूध खळखळून उकळले की भीती उरत नाही. ज्या घरी गोठा आहे तेथे आणखी एक काळजी घ्यावी: गाय किंवा म्हैस गाभडली तर वासरू व वार उचलणे, गोठा धुणे ही कामे गरोदर स्त्रीने मुळीच करू नयेत, कारण तोच रोग त्या वाटेनेही येतो. मोड आलेली कडधान्ये कच्ची खाण्याऐवजी त्यांची उसळ करावी. अंडे पूर्ण उकडलेले असावे, मटण आतपर्यंत शिजलेले असावे. कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. रस्त्यावरच्या पाणीपुरीत पुरीचा काही दोष नाही, दोष पाण्याचा; ती घरी केली तर डोहाळेही पुरतात आणि पोटही बिघडत नाही. उसाच्या रसाचेही तसेच, तेथे बर्फाला नकार द्यावा.

मासे सरसकट बंद करण्याचे कारण नाही. गोवा-कारवारकडून बेळगावात येणाऱ्या मासळीत बांगडा आणि तारली ही लहान, स्वस्त आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला उपयोगी मासळी आहे. टाळायची ती मोरी, म्हणजे शार्क, आणि फार मोठी सुरमई क्वचितच घ्यावी, कारण दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो आणि तो शिजवून जात नाही. कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असते. ते अति झाले तर गर्भाला बाधते, म्हणून विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत ती खाऊ नये, तेवढ्या दिवसांत इतर मांस चालते.

आता पपई. कच्च्या व अर्धवट पिकलेल्या पपईच्या चिकात गर्भाशयाचे आकुंचन घडविणारी द्रव्ये असतात, तेव्हा कच्च्या पपईची भाजी टाळण्यात शहाणपण आहे. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही बिघडत नाही. ज्या घरात पपईवरून रोज वाद होतो तेथे मी पपई सोडून देण्याचाच सल्ला देईन, कारण पेरू आणि केळे तिची जागा सहज भरून काढतात. वाद घालायचाच असेल तर तो शेंगदाण्यासाठी आणि अंड्यासाठी घालावा. शेंगदाण्याची ज्यांना मुळातच अॅलर्जी आहे त्यांनी ते टाळावेत आणि बुरशी लागलेले, कडवट दाणे कोणीच खाऊ नयेत, एवढेच पथ्य आहे. तीळ आणि कारळ्याची चटणी भाकरीबरोबर चमचाभर घेतल्याने कोणाचा गर्भ पडत नाही. येथे एक गंमत नोंदवावीशी वाटते: कर्नाटक सरकारने २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘मातृपूर्ण’ योजनेत अंगणवाडीत गरोदर स्त्रीला जे गरम जेवण मिळते, त्यात उकडलेले अंडे, दूध आणि शेंगदाणा-गुळाची चिक्की असते, म्हणजे घरच्या यादीने जे काढून घेतले तेच अंगणवाडी ताटात परत घालते.

काही गोष्टी सोडायच्या नसतात, आवरायच्या असतात. चहा त्यांतला पहिला. दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते आणि घरच्या लहान कपात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते, त्यामुळे दोन-तीन कपांची चिंता नको. पण जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणून मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा. कुंदा आणि करदंट आपल्या भागाची शान आहेत, आणि डोहाळेजेवणात ते येणारच. मात्र साखरेची तपासणी झालेली नसेल तर हात आखडता घ्यावा. ती तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात, आणि साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर गोडाचा निर्णय जिभेकडे राहत नाही. निर्जळी उपवास या नऊ महिन्यांत करू नयेत. ग्रहणात उपाशी आणि तहानलेले बसण्यानेही बाळाचे रक्षण होत नाही.

पाटीची पेन्सिल, खडू, चुलीची भाजकी माती खावीशी वाटणे याला पुष्कळ घरांत डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतात. मातीतून जंत आणि शिसे पोटात जाते, म्हणून ती बंद करावीच, पण त्याबरोबर रक्तही तपासून घ्यावे, कारण असली इच्छा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर गूळ-खजुरावर विसंबून चालत नाही.

शेवटची जागा त्या गोष्टींची, ज्या आपण आपल्या मनाने सोडू नयेत. थायरॉइड, फिट, रक्तदाब किंवा मधुमेह यांच्या गोळ्या ‘बाळाला बाधतील’ या भीतीने परस्पर बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. गोळी बदलायची असेल तर ती डॉक्टर बदलतील, पण खंड पडता कामा नये. याउलट अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी, आणि ओळखीच्या वैदूचे भस्म, या दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पहिले तीन महिने फॉलिक अॅसिड, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची गोळी आणि दिवसातून दोनदा कॅल्शियम, हा सरकारी क्रम आहे. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये. लोहाने शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळ्या फडताळात साठवून ठेवू नयेत.

हे सर्व एका कागदावर मराठीत लिहून काढावे: काय बंद, काय बेताने, काय शिजवून, आणि काय सोडायचे नाही. पुढच्या तपासणीला तो कागद डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवून, त्यांनी खोडलेले खोडून आणि वाढविलेले वाढवून घ्यावे. आपल्याकडे मिळणारे ‘तायी’ कार्ड कन्नडमध्ये असते (तायी म्हणजे आई, आपली ताई नव्हे), तेव्हा आशाताईंकडून त्यातील हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि वजनाचे रकाने एकदा समजून घ्यावेत आणि ते आकडेही या कागदावर उतरवावेत. सातव्या महिन्यानंतर पुष्कळजणी माहेरी, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडे जातात. तेथे राज्य बदलते, दवाखाना बदलतो आणि स्वयंपाकघरातील मनाईची यादीही बदलते. पिशवीत कार्ड, उरलेल्या गोळ्या आणि हा कागद एकत्र ठेवावा, आणि पोहोचल्या दिवशीच तो आईला वाचून दाखवावा.