जिल्हा न्यायालयाच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब कसा वाचावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या न्यायालयात ज्याचा दावा चालू आहे, त्याला आपली पुढची तारीख पाठ असते. पण त्या न्यायालयाने वर्षभरात किती काम उरकले, हे घरबसल्या तपासता येते, याची कल्पना फार थोड्यांना असते. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड हे संकेतस्थळ २०१५ पासून सर्वांसाठी खुले आहे. तेथे राज्य, जिल्हा आणि मग न्यायालय निवडत गेले की अमळनेर किंवा भुसावळ येथील प्रलंबित प्रकरणांचा आकडाही समोर येतो.

हे आकडे रोज बदलतात. म्हणून जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरअखेर असे दोनदा ते वहीत उतरवून घ्यावेत आणि दिवाणी व फौजदारी यांचे रकाने वेगळे ठेवावेत. त्यानंतर वर्षात निकाली निघालेल्या प्रकरणांना दाखल झालेल्या प्रकरणांनी भागावे. समजा, १,००० प्रकरणे दाखल झाली आणि १,०५० निकाली निघाली, तर प्रमाण १०५ टक्के येते आणि शिल्लक ५० ने घटते. एका महिन्याची दुसऱ्याशी तुलना मात्र करू नये, कारण मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते.

केवळ या प्रमाणावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. दंड भरून मिटलेला वाहतुकीचा किरकोळ खटला आणि वीस वर्षे चाललेला वाटपाचा दावा, हे दोन्ही या बेरजेत एकेकच मोजले जातात. राष्ट्रीय लोकअदालतीनंतर वर्तमानपत्रात येणारा मोठा आकडाही नीट वाचावा. त्यात बँकेची थकबाकी, वीजबिल, घरपट्टी अशी न्यायालयात कधी दाखलच न झालेली दाखलपूर्व प्रकरणे असतात आणि ती वजा केल्याशिवाय न्यायालयाची शिल्लक किती कमी झाली, हे कळत नाही. लोकअदालतीतील तडजोडीचे मोल यामुळे कमी होत नाही, कारण तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच (निकालाच्या आदेशासारखाच) बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते.

खरी प्रगती प्रकरणांच्या वयात दिसते. एक वर्षापर्यंतची, तीन वर्षांपर्यंतची, अशा गटांमधून पुढे जात दहा वर्षांवरील रकान्यावर थांबावे आणि तो आकडा वर्षभरात घटला का, ते पाहावे. हा रकाना का हलत नाही, हे समजण्यासाठी तापीकाठच्या एखाद्या वडिलोपार्जित शेताचा दावा डोळ्यांसमोर आणावा: वादी एक, प्रतिवादी चौदा, त्यांपैकी तिघे सुरतेला स्थायिक. रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामाच्या नोंदीत, ‘समन्स बजावणीसाठी’ हीच नोंद तारखेमागून तारखेला पडत राहते, आणि बजावणी पुरी होते न होते तोच एखादा प्रतिवादी वारतो. मग ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात आणि पुन्हा त्यांच्या नावे समन्स निघतात.

स्वतःच्या प्रकरणासाठी १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, वापरावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की मागील प्रत्येक तारीख कशासाठी नेमली होती, ते दिसते. सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ सांगतो. त्यामुळे तहकुबी कोणी आणि कितीदा मागितली, हे रोजनाम्यावरून मोजून आपल्या वकिलांपुढे ठेवावे. असे विचारण्यात संकोच बाळगण्याचे काहीही कारण नाही.

शेवटी, दरखास्तींची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांची, संख्या वेगळी लिहावी. शासनाला सारा देणाऱ्या शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला, तरी प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. त्यामुळे ग्रिडवर दावा ‘निकाली’ दिसत असताना बांधावर मोजणीची खूण पडायची बाकी असू शकते.