मोझेइकचा मासा गळायला लागला तेव्हा…

मोझेइक म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेलं चित्र. आठवीच्या मुलांनी मिळून केलेला असा मासा शाळेच्या भिंतीवर लागला आणि चौथ्या दिवशी शेपटीचे तुकडे खाली. टप, टप. मुलांचे चेहरे बघवेनात.

पडलेला तुकडा उलटा करून पाहिला. मागे टाइल अ‍ॅडहेसिव्हचा थर शाबूत, आणि त्याला चिकटून ऑइलपेंटचा पिवळा पापुद्रा. म्हणजे तुकड्याने पकड सोडलीच नव्हती, रंगाने भिंत सोडली होती! चूक माझीच. भिंत नुसती पुसून घेतली होती.

अख्खा मासा उतरवला. जिवावर आलं होतं, पण इलाज नव्हता. रंग खरवडला, छिन्नीने टोचे मारले, धूळ ओल्या फडक्याने काढली. या वेळी तुकडे थेट भिंतीवर लावले नाहीत. टेबलावर चित्र, त्यावर प्लॅस्टिक, वर फायबरची जाळी. मुलं गटागटाने जाळीवर तुकडे चिकटवत गेली. फायदा असा की माशाचा डोळा तीनदा बदलता आला (त्यावरून भांडणंही तीनदा झाली). मग जाळी भागाभागाने कापून, दातेरी थापीने पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर दाबून बसवली.

24 तास कुणाला हात लावू दिला नाही. नंतर ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी भरायचा लगदा. ते पुसताना स्पंज घट्ट पिळून तिरका फिरवायचा. फटीच्या रेषेत फिरवला की आतलं ग्राउटच उपसून येतं. एका कोपऱ्यात तसं झालंच, तिथे पुन्हा भरलं.

पावसाळा गेला. मासा जागेवर आहे.