हार्पसिकॉर्डची तबली रंगवताना या चुका टाळा

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं युरोपीय तंतुवाद्य. त्याचं झाकण उघडलं की तारांखालच्या पातळ लाकडी फळीवर, म्हणजे तबलीवर, फुलबाग दिसते. ट्यूलिप, गुलाब, मधूनच पक्षी, किडे, एखादी कोळंबी आणि कडेकडेने निळी वेलबुट्टी. फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातल्या, वाद्यांची ही ओळख तिथल्या अँटवर्प शहरातल्या रुकर्स या वाद्यकार घराण्याने घडवली. हान्स रुकर्स १५७९ मध्ये तिथल्या सेंट ल्यूक गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघात, दाखल झाला, आणि हा गिल्ड मुळात चित्रकारांचा. वाद्यकार आणि चित्रकार एकाच पंगतीतले.

आज किट आणून घरी हे वाद्य जोडणारे हौशी लोक रंगकामही स्वतः करतात. त्यात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते तबलीला भिंत समजल्यामुळे. आपल्या तंबोऱ्याची तबली आठवा. हार्पसिकॉर्डची तबलीही तशीच, स्प्रूस या झाडाच्या लाकडाची, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड. तिच्यावर तैलरंगाचे किंवा ॲक्रिलिकचे जाड थर चढवले की ती जड होते आणि आवाज दबतो. वरून चकाकीसाठी वॉर्निशचे हात दिले तर आणखीच. जुने चित्रकार डिंकात किंवा सरसात कालवलेले पाण्याचे रंग पातळ लावत आणि फुलांमधलं बरंचसं लाकूड मोकळं सोडत. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तैलचित्र खुशाल काढा.

रंग लाकडाच्या रेषांतून पसरतो, ही नेहमीची तक्रार. याचं कारण बहुतेक वेळा कोरडं, उघडं लाकूड आणि फार ओला कुंचला. आधी तबलीच्याच लाकडाच्या तुकड्यावर करून पाहा. चित्राच्या जागेपुरता पातळ सरसाचा किंवा लाखेचा एकच हलका हात द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि कुंचला निथळून घ्या. पसरलाच रंग, तर पॉलिशपेपरने घासत सुटू नका. तिथे लाकूड पातळ होईल. धारदार पात्याने रेषांच्या दिशेने अगदी हलकं खरवडा, किंवा त्या डागाचं पान करून टाका.

शिसपेन्सिल दाबून आराखडा काढू नका. स्प्रूस मऊ असतं, त्यावर चर उमटतात आणि ते रंगाखालूनही दिसतात.

तारा चढवल्यावर रंगवायला बसणं ही निव्वळ घाईची चूक. हात पोचत नाही, तारांवर थेंब उडतात. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) चिकटवून झाल्यावर, तारांच्या आधी रंगकाम उरका, म्हणजे निळी वेलबुट्टी घोडीच्या वळणाबरोबर नीट फिरवता येते.

जुनं वाद्य विकत घेणाऱ्यांसाठी एक खरी हकिकत. १६३८ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यासाठी त्याचा ब्रुसेल्समधला प्रतिनिधी बाल्थाझार गर्बियेने रुकर्सचं एक वाद्य निवडलं. झाकणाच्या आत प्रसिद्ध चित्रकार रूबेन्सने रंगवलेलं प्रेमदेव क्युपिड आणि त्याची प्रेयसी सायकी यांचं चित्र होतं. वाद्य लंडनला पोचलं, तेव्हा तक्रार आली की सहा-सात पट्ट्या कमी आहेत, हे वाजवायला निरुपयोगी! म्हणून चित्र पाहण्याआधी पट्ट्या मोजा, तबलीला भेगा आहेत का ते पाहा. तबलीतली सोनेरी जाळी आणि तिच्यावरची रुकर्सची आद्याक्षरं पाहूनही लगेच विश्वास ठेवू नका. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये या नावाला एवढा भाव आला की नकली रुकर्स सर्रास तयार झाले.

आणि ओलं फडकं जुन्या तबलीच्या जवळपासही आणू नका. ते रंग पाण्याचे आहेत. चारशे वर्षं टिकलेलं फूल एका पुसण्यात जाईल. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटका. रंगाची खपली सुटलेली दिसली तर तेवढंही करू नका, जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराला बोलवा.