घरी कोणी वारलं तर १०८ ला फोन करू नका, शववाहिनी बघा

घरात माणूस गेलं की पहिला फोन १०८ ला जातो, पण ती गाडी पेशंटसाठी असते, बॉडी न्यायला नाही. आमच्या काकांच्या वेळी यातच तासभर गेला.

१. आधी नेहमीच्या डॉक्टरांना बोलवून मृत्यूच्या कारणाचा दाखला (फॉर्म ४-अ) घ्या, स्मशानात तो मागतातच. हॉस्पिटलात वारले असतील तर हॉस्पिटलवाले फॉर्म ४ देतात.
२. मग महापालिका किंवा नगरपालिकेच्या शववाहिनीला फोन. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, रात्री दोनला शोधत बसणं नको. बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा अगदी नाममात्र पैशात येते.
३. प्रायव्हेट गाडी करायची असेल तर येणं-जाणं, वेटिंग, टोल सगळं धरून आकडा आधीच ठरवा, नंतर रडत्या घरात कोण घासाघीस करणार.
४. बिल्डिंगच्या छोट्या लिफ्टमधे स्ट्रेचर आडवं जात नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने चादरीच्या झोळीत आणलं, तेव्हा चार दणकट पोरं आधीच बोलवून ठेवा.

अपघात, आत्महत्या किंवा काही संशयास्पद असेल तर मात्र बॉडी हलवू नका, आधी ११२ ला (पोलिसांना) फोन.